अकरा इंजिनांचा नियम

ईट या गावी रेल्वे कधी आली नाही. भूम तालुक्यातील या गावच्या माणसाला आगगाडी पाहावयाची तर पूर्वी बार्शी गाठावी लागे. तरीही गावातील एका भुसार दुकानाच्या माडीवर, काचेच्या कपाटात, अकरा इंजिने ओळीने उभी आहेत. तूर-हरभऱ्याचा भाव विचारावयास आलेला शेतकरीदेखील सौदा झाल्यावर, "अण्णा, वर जाऊन येऊ का?" म्हणतो आणि जिना चढतो.

दुकानाचे मालक अण्णा आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. दुकान त्यांच्या आजोबांनी घातले, वडिलांनी वाढविले, अण्णांनी ते आहे तसे सांभाळले. इंजिनांचा नाद मात्र सर्वस्वी त्यांचा स्वतःचा. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर काही दिवसांनी एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास गेले असता भाच्याने त्यांना तेथे नेले. छोट्या गावातून, बोगद्यांतून, पुलांवरून आपल्या आपण धावणाऱ्या गाड्या पाहून अण्णा परत आले ते निराळेच होऊन. पुढे तोच भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि दर दोन वर्षांनी येताना मामांसाठी एखादे इंजिन आणू लागला.

या छंदातही हिशेब असतो, आणि तो अण्णांना चटकन उमगला. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. खऱ्या इंजिनाचे सत्त्याऐंशी भाग केले की एका भागाएवढे खेळातले इंजिन. युरोप-अमेरिकेतील रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणून खेळातले रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपल्याकडील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ती त्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास भरते आणि तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती करणारे बहुतेक लोक साडेसोळावरच समाधान मानतात. गाडी आपली, पण रूळ परके, असा तो प्रकार.

परंतु अण्णांच्या कपाटाचे वैशिष्ट्य निराळेच आहे. त्या अकरांत एकही इंजिन सरळ नाही. हजारोंनी बनलेली, देशोदेशी धावलेली, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर झळकणारी इंजिने त्यांच्याकडे प्रारंभी होती. ती हळूहळू नातेवाइकांच्या मुलांकडे गेली. राहिली ती सारी चमत्कारिक. एकाला दोन्ही बाजूंना तोंडे आहेत, तर एकाच्या चालकाची खोली बॉयलरच्या मध्यावर खोगिरासारखी बसविलेली आहे. एक जर्मन डबा तर मागे विमानाचा पंखा लावून धावत असे. १९३१ मध्ये त्याने ताशी २३० किलोमीटरचा वेग गाठला होता, पण असा डबा एकच बनला आणि पुढे मोडीत निघाला. जगभरच्या हौशी लोकांत ही आवड सर्रास आढळते. साधे इंजिन प्रत्येकाकडे असते. विचित्र इंजिनाभोवती मात्र मंडळी जमतात आणि हे असे का केले असेल, यावर तासन्‌तास बोलतात.

अण्णांना त्यातले सर्वांत आवडते आयर्लंडचे. लिस्टोवेल ते बॅलीबुनियन या नऊ मैलांच्या मार्गावर १८८८ ते १९२४ या काळात जी गाडी चालली, तिचा रूळ एकच होता आणि तो जमिनीपासून उंच, घोडीसारख्या लोखंडी तिकाट्यांवर बसविलेला होता. बैलाच्या पाठीवर दोहीकडे गोणी लोंबाव्यात तसे डबे त्याच्या दोन बाजूंना लोंबत. इंजिनालाही दोन बॉयलर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. आता अशा गाडीत माल भरावयाचा तर दोन्ही पारडी समतोल हवीत. असे सांगतात की, एकदा कोणाचा तरी पियानो न्यावयाचा होता, तेव्हा दुसऱ्या बाजूस गाय चढविली. मग गाय परत आणावयाची, म्हणून तिच्या तोलास दोन वासरे घेतली. आणि शेवटी ती वासरे एक इकडे, एक तिकडे अशी घरी पोहोचविली. ही कथा अण्णा तराजूपाशी उभे राहून सांगतात. गिऱ्हाइकाला ती पटावयास वेळ लागत नाही.

आणि एक होती मगर. तिची गोष्ट पुढे येईलच.

अण्णा आणि काकू, दोघेही नियमाने राहणारी माणसे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, आणि मग जी लांबलचक संध्याकाळ उरते ती अण्णांची माडीवरची. काकूंची यावर तक्रार कधीच नव्हती. इंजिनांची संख्या तिशीला पोहोचली तेव्हा मात्र त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, माझ्या साड्यांचे परिमाण ठरले आहे. तुमच्या गाड्यांचे काय?" हा टोला वर्मी बसला. त्या वर्षी दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, कुंथलगिरीला महाराजांसमोर अण्णांनी परिग्रह-परिमाणात इंजिनांचाही नियम घेतला. अकरा. बारावे आले तर एक बाहेर गेले पाहिजे. कपाटातील विचित्र मंडळी अशी गाळून गाळून उरलेली आहे. नियम नसता तर कदाचित अण्णांना आपली आवड नेमकी कोणती, हे कळलेही नसते.

कुंथलगिरी आणि आगगाडी यांचे नाते अण्णांच्या मनात फार जुने आहे. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, तेव्हा अण्णा आठ वर्षांचे होते. दर्शनासाठी देशभरातून लोक येत होते. अण्णांचे वडील पाहुण्यांना आणावयास बार्शीला गेले ते मुलाला सोबत घेऊन. बार्शीच्या फलाटावर अण्णांनी पहिल्यांदा आगगाडी पाहिली. ती मोठी नव्हती. तिचे रूळ इतके जवळजवळ होते की वडिलांनी एकाच ढांगेत ते ओलांडले. पांढऱ्या वस्त्रांतील माणसे लहान लहान डब्यांतून उतरतच होती, उतरतच होती. एवढ्याशा डब्यांत ती मावली कशी, हा प्रश्न मुलाच्या मनात राहिला. 'बार्शी लाईट' म्हणून साऱ्या मुलखाला ठाऊक असलेली ती गाडी.

त्यानंतर पन्नासएक वर्षांनी भाच्याने आणलेल्या एका इंग्रजी मासिकात अण्णांना एक छायाचित्र दिसले. ठेंगणे, रुंद छातीचे इंजिन, पुढे हा एवढा मोठा दिवा. ही बार्शीची गाडी, असे ते पाहताक्षणी म्हणाले. भाच्याने खालची ओळ वाचून दाखविली. ते इंजिन इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील लीक आणि मॅनिफोल्ड या खोऱ्याच्या रेल्वेचे होते. अण्णांचा विश्वास बसेना. शोध घेता घेता जे हाती आले, त्याने त्यांची पुढची कित्येक वर्षे व्यापली.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. मुंबई-मद्रास मार्गावर आजचे कुर्डुवाडी तेव्हा बार्शी रोड नावाने ओळखले जाई. बार्शीच्या पेठेचा माल बैलांवरून आणि गाड्यांवरून एकवीस मैल तेथपर्यंत जात असे. हा खर्च पाहून कॅलथ्रॉपने हलक्या रेल्वेची कल्पना मांडली, पुढे कंपनी काढली, आणि १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवरून गाडी बार्शीत आली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. लातूरची पेठ आज जी आहे, तिच्या वाढीत या अरुंद रुळांचा वाटा थोडा नाही.

कॅलथ्रॉपचा मुख्य विचार व्यापाऱ्याला आवडेल असाच होता. स्वस्त रेल्वे म्हणजे हलका रूळ. त्याने वारास तीस पौंड वजनाचा रूळ घेतला, म्हणजे मीटरला पंधरा किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा असतो. असा रूळ एका आसाखाली पाच टनच सोसणार. त्या काळी सामान्यतः इंजिन जड आणि डबे हलके असत. म्हणजे रूळ इंजिनासाठी भक्कम घ्यावयाचा आणि उरलेल्या गाडीखाली त्याची अर्धी ताकद वाया घालवावयाची. कॅलथ्रॉपने सर्वांना एकच माप लावले. इंजिनाचा प्रत्येक आस पाच टनांचा आणि भरलेल्या वाघिणीचाही प्रत्येक आस पाच टनांचाच. विकत घेतलेल्या लोखंडाचा एक पैसाही निजून राहावयाचा नाही. भांडवल फिरते ठेवणे म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

पण मग ओढावयास जोर कोठून आणावयाचा? इंजिन जड करता येत नाही, तेव्हा वजन अनेक आसांवर वाटणे आले. यातून लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी बनविलेली पहिली पाच इंजिने जन्मली. पुढे एकही लहान चाक नाही, सुरुवातीपासूनच दांड्यांनी एकत्र जोडलेली आठ चाके आणि मागे चार छोटी. सहा आस, प्रत्येकी पाच टन, मिळून तीसएक टनांचे इंजिन. रेल्वेच्या भाषेत शून्य-आठ-चार. ही मांडणी जगात क्वचितच दिसते. हौशी माणसाने ती पाहिली की त्याचे डोळे चमकतात. मात्र ती केवळ चमत्कारिक दिसावी म्हणून कोणी केलेली नाही. बार्शीची कापसाची आणि धान्याची रास, तिला परवडेल असा हलका रूळ आणि पाच टनांची मर्यादा, एवढ्यावरून ते इंजिन जणू हिशेबाने काढलेले आहे. दुसऱ्या कोठल्या मुलखात त्याला तसे व्हावयाचे कारणच नव्हते.

याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमधील त्या खोऱ्याची रेल्वे बांधली. ती जून १९०४ मध्ये सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. आयुष्य तीस वर्षांहूनही कमी, लांबी आठएक मैल आणि इंजिने अवघी दोन. त्यांतल्या एकाला त्याचेच नाव दिलेले होते. पण त्या रेल्वेने एक युक्ती केली, ती बार्शीच्या व्यापाऱ्यांना मिळाली असती तर पुष्कळ पैसा वाचला असता. मोठ्या रेल्वेची वाघीण जशीच्या तशी एका बुटक्या गाड्यावर चढवून ती अरुंद रुळांवरून नेत. आपल्याकडे कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून दुसरीत टाकावे लागे. हमाली, फुटलेली पोती, तूट आणि त्यावरून होणारी भांडणे, हे अण्णांनी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की तो बुटका गाडा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

हा कॅलथ्रॉप माणूसही आपल्या इंजिनांसारखाच. त्याने अरबी घोडे पाळले आणि घोड्यांवर पुस्तक लिहिले. स्नेही चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून मरण पावला, तेव्हापासून वैमानिकांसाठी हवाई छत्री बनविण्याच्या ध्यासात त्याने अखेरची वर्षे घालविली. १९२७ मध्ये तो वारला. बार्शी लाईट मिरजेस पोहोचली तेही त्याच साली.

अण्णांना टोचणारी गोष्ट वेगळीच होती. इंग्लंडमधील त्या दोन इंजिनांच्या प्रतिकृती तेथील हौशी लोक पिढ्यान्‌पिढ्या बनवीत आले आहेत. त्या रेल्वेच्या जागेवर १९३७ पासून पायवाट आहे आणि लोक मुद्दाम ती चालावयास जातात. थोरली बहीण मात्र बार्शीची. ती १९५४ मध्ये सरकारजमा झाली आणि २००८ मध्ये बार्शीत ब्रॉडगेज आल्यावर तिचे रूळही उचलले गेले. मोठी गाडी आली हे चांगलेच झाले. धाराशिवला रेल्वे मिळाली ती या बदलातूनच, आणि अण्णांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण त्या शून्य-आठ-चार इंजिनाची एकही प्रतिकृती बाजारात कोठे मिळेना. शेवटी आपणच करावयाची असे त्यांनी ठरविले.

येथे प्रमाणाने त्यांना हात दिला. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले सत्त्याऐंशी, पावणेनऊ मिलिमीटर. नऊ मिलिमीटरचे रूळ जगभर तयार मिळतात. ब्रॉडगेजवाल्यांना जे साधत नाही ते बार्शी लाईटला साधले, म्हणून अण्णा त्या दिवशी दुकानातील मुनिमालाही पेढा देऊन आले.

काम सुरू झाले तेव्हा एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती आणि दुसऱ्याला काचबिंदूने ग्रासले होते. शिवाय मुलाचा आग्रह होता. "अण्णा, आता तुम्ही दोघे पुण्यालाच या. दुकान कोणासाठी चालवायचे?" या प्रश्नाला अण्णांपाशी उत्तर नव्हते. अखेर ठरले की येत्या दिवाळीला निर्वाण लाडू चढवावयाचा, लक्ष्मीपूजन करावयाचे, पण पाडव्याला नवी चोपडी लिहावयाची नाही. पुण्याच्या घरात कपाटापुरती जागा होती. रूळ मांडावयास नव्हती. म्हणजे इंजिन चालवून पाहावयाचे तर ते ईटलाच, आणि दिवाळीपूर्वी.

चाके आणि मोटार भाच्याने पाठविली. बाकी सारे घरातले. इंजिनाच्या टाक्या आणि चालकाची खोली लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची, कारण आपल्या घरांत त्यांची टंचाई कधीच नसते. मागच्या बाजूने बोथट सुईने टोचून एकेक रिवेट उमटविला. चिकटवावयास सरस चालणार नव्हता, तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा, म्हणून फेविकॉल. रंगाचा ब्रशही केसांचा नको, नायलॉनचा. अशा बारीक कामात केसांच्या ब्रशासारखी रेघ नायलॉनने येत नाही, हे अण्णांनी मान्य केले आणि रेघ तीनदा पुसून चौथ्यांदा ओढली. चिमणी एका जुन्या शाईच्या पेनाच्या टोपणाची होती. ते पेन वडिलांचे होते, हे काकूंच्या लक्षात आले. त्या काही बोलल्या नाहीत.

श्रावण संपता संपता इंजिन आकाराला आले, आणि मग नियम आठवला. हे बारावे. प्रथम अण्णांनी स्वतःशीच वाद घातला की विकत न घेतलेली, हाताने केलेली वस्तू परिग्रहात कशी धरावी? शंका घेऊन ते कुंथलगिरीला गेले. महाराजांनी हसून विचारले की ती वस्तू उद्या हरवली तर रात्री झोप लागेल का. अण्णा उत्तर न देताच नमोस्तु करून परतले. येताना मोटारीत त्यांनी काकूंना सांगितले, "धरावेच लागणार."

मग काढावयाचे कोणते? नातू सुटीत आलेला होता. त्याला पंख्याचा जर्मन डबा प्राणाहून प्रिय. अण्णांनी तो त्याला देऊन टाकला आणि सुटकेचा श्वास घेतला. काकूंनी चष्म्यावरून पाहिले. "नातवाच्या नावावर केले म्हणजे घरातून गेले का? बँकेत याला बेनामी म्हणतात." नातवाला डबा परत करावा लागला, आणि तो दोन दिवस आजीशी बोलला नाही.

दशलक्षण पर्वात अण्णांनी वहीच्या पानावर अकराही नावे लिहिली आणि महाराजांचा प्रश्न एकेकापुढे ठेवला. कोणाच्या जाण्याने झोप उडेल? बोट मगरीवर थांबले.

मगर म्हणजे स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटातील विजेचे इंजिन, भाच्याने आणलेले पहिले. मधे चालकांची पेटी, पुढे-मागे दोन लांब नाके आणि वळणावर तिन्ही भाग वेगवेगळे वळणारे. तिचीच आपल्याकडील बहीण १९२८ पासून बोरघाटात गाड्या ओढत असे. रेल्वेचे लोक तिला खेकडा म्हणत. तरुणपणी मुंबईला जाताना अण्णांनी खंडाळ्याच्या चढावर खिडकीतून वाकून खेकडा पाहिला होता, त्याचे खालीवर होणारे दांडे आठवत होते. कपाटातील सर्वांत महागडी वस्तू तीच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मगर तिच्या मूळ खोक्यात ठेवली आणि जवळच्या एका शाळेत नेऊन दिली. विज्ञानाच्या गुरुजींनी पावती द्यावी काय, असे विचारले. अण्णा म्हणाले, द्या. पावती त्यांनी रोकडवहीत लावली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी माडीवर रूळ मांडले गेले. मुलगा, सून, नातू पुण्याहून आलेले. बार्शीचे इंजिन तळहातावर मावेल एवढे, काळे, पुढे मोठा दिवा. नातवाने विजेचे बटण फिरविले. सरळ रुळावर ते असे चालले की मुलगाही खुर्चीतून उठला. वळण आले आणि आठ चाकांपैकी मधली चार रुळावर चढली. इंजिन आडवे झाले. आठ जोडलेली चाके ताठ एका रेषेत, आणि वळण गोल. खऱ्या इंजिनालाही हे संकट असतेच. म्हणून कित्येक इंजिनांत मधल्या चाकांच्या कडाच काढून टाकतात, किंवा आसाला आडवी हालचाल ठेवतात.

"आजोबा, मोडले?" नातवाने विचारले.

"नाही रे. मधल्या चाकांच्या कडा घासायच्या राहिल्या."

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, दुकानाचा गर्दीचा दिवस, आणि ईटमधला शेवटचा. अण्णा पहाटे दर्शन करून आले, माडीवर गेले, भिंग डोळ्याला लावले आणि बारीक कानस घेऊन बसले. खाली दुकानाच्या पायऱ्यांवर गिऱ्हाईक जमले होते. काकूंनी जिन्याखालून हाक दिली, "अहो, किल्ल्या!" अण्णांनी त्या वरूनच खाली टाकल्या. "मुलाला म्हणावे, तू उघड. मी एवढे एक चाक करून आलो."